हायमास्टखालचं तांबडं भात

नगरसेविका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढरी गाडी येते. आमच्या मेघाताईंकडे स्कूटी आहे. तिचा उजवा आरसा बागेच्या फाटकाला लागून निखळला, तो अजून बसवलेला नाही. मागून कोण येतंय ते बघायला मान वळवावी लागते, आणि मान वळवली की कुणी ना कुणी हाक मारतंच. म्हणून हल्ली त्या मान वळवत नाहीत.

कर्जतहून चौक गावाकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं गाव. गाव आपलं सवयीनं म्हणायचं. ग्रामपंचायत गेली, नगरपंचायत आली, पाट्या बदलल्या, डास होते तेच राहिले. आमच्या वॉर्डात एका अंगाला जुनी आळी, दुसऱ्या अंगाला शनिवार-रविवारच उघडणाऱ्या मुंबईकरांच्या सोसायट्या, आणि मध्ये अजून न विकलेली चार-दोन भातखाचरं. या सगळ्यांच्या वतीनं सभागृहात बसतात त्या मेघा सोनावळे. माहेर पोशीरचं, शिक्षण बारावी, नवरा खोपोलीला कंपनीत पाळीवर. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला तेव्हा कुणीतरी उभं राहायला हवं म्हणून त्या उभ्या राहिल्या आणि निवडून आल्या. त्यांचं घर माझ्या घराला भिंत लागून, त्यामुळे त्यांच्या ओट्यावर दिवसभरात कोण आलं, कोण रुसून गेलं, हे मला स्वयंपाकघरातून कळतं.

सकाळी पहिला चहा होतो न होतो तोच घरकुलवाली येते. जोत्यापर्यंत बांधकाम झालं, पण फोटो काढायला माणूस येत नाही, आणि फोटो निघाल्याशिवाय हप्ता मिळत नाही, भिंती चढत नाहीत. ती उठते तोवर सोसायटीतले काका येतात. बागेच्या घसरगुंडीवर कुणीतरी गोधड्या वाळत घालतं, हे शोभतं का? काका गेले की आळीतली माणसं. त्या बागेच्या जागी आधी लग्नाचे मांडव पडायचे, आता मांडव घालायचा कुठे? ताई सगळ्यांना "बघते" म्हणतात. एकदा मी विचारलं, "सगळ्यांना बघते म्हणता, बघता कधी?" तर म्हणाल्या, "आंघोळ करताना. तेवढाच वेळ कोण मध्ये बोलत नाय."

थकव्याचीही माणसाला सवय होते. पण मागच्या पावसाळ्याअखेर त्या ज्या तऱ्हेनं थकल्या, तसं थकलेलं मी त्यांना आधी कधी पाहिलं नव्हतं. ते झालं एका दिव्यावरून.

मुख्य रस्त्यावर रिक्षा सोडते तिथून आळीकडे येणारा रस्ता एका वळणावर अगदी सामसूम होतो. एका बाजूला सोसायटीची मागची भिंत, दुसऱ्या बाजूला कोंडीरामतात्यांचं खाचर. कोंडीरामतात्या म्हणजे ताईंचे चुलत सासरे. या वळणावर त्याआधीच्या थंडीत सुरभीला धक्का देऊन मोटरसायकलवाल्यांनी तिची पर्स ओढली. सुरभी ही बायजाकाकूंची सून, कर्जतला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला. ती बांधावरून खाली गेली आणि तिचं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तरी बायजाकाकू तिला कामावर सोडीनात. "दिवा लागंल तवा जा," त्यांनी सांगून टाकलं. मुलगी चांगली शिकलेली, घरात बसून नुसती भिंतीकडे बघायची.

ताईंनी दिव्याचं मनावर घेतलं. साधा खांब नाही, उंच हायमास्ट, वर चारी बाजूंना दिवे. मंजुरी आली, पण खांबाला जागा कोण देणार? सोसायटी म्हणाली, आमच्या बेडरूममध्ये उजेड येईल. पलीकडच्या जागेचा मालक परदेशात. शेवटी कोंडीरामतात्याच म्हणाले, "माझ्या बांधाच्या कोपऱ्यात लावा. तेवढीच माझी पण सोय. रातीचं साप-किरडू दिसंल." पावसाळ्याच्या आधी दिवा लागला. नारळ फुटला, पेढे वाटले. दुसऱ्या दिवसापासून सुरभी कामावर. त्या आठवड्यात ताईंच्या ओट्यावर कुणी तक्रार घेऊन आलं नाही असं नाही, पण आलेला माणूस आधी दिव्याचं चांगलं बोलायचा आणि मग तक्रार सांगायचा.

गणपती गेले. पितृपक्ष संपत आला. आजूबाजूची भातं निसवली, लोंब्या बाहेर पडून हलक्या वाकायला लागल्या. तात्यांच्या त्या खाचरातलं भात मात्र हिरवंगार, उंच, आणि पोटात काही नसलेलं. लोक जाता-येता थट्टा करायचे. "तात्या, भात लावलंय का गवत?" तात्यांना वाटलं खत जास्त झालं. त्यांच्या बायकोला, गंगाकाकींना, वाटलं कुणाची नजर लागली.

पिकांची पाहणी करत कृषी सहायक अपेक्षा आली. पंचविशीतली मुलगी, गळ्यात ओळखपत्र, पायात चिखलाचे बूट. बांधावर बराच वेळ उभी राहिली, मग मान वर करून खांबाकडे बघितलं.

"हा दिवा रात्रभर असतो?"

"अगदी उजाडेस्तोवर," तात्या अभिमानानं म्हणाले. "आमच्या सूनबायनं आणलाय."

"काका, त्याचंच हे झालंय. जुनी गरवी, उशिरा पिकणारी भातं रात्र मोठी व्हायला लागली की निसवतात. तुमच्या भाताला रात्रच मिळत नाही. त्याला वाटतंय अजून आषाढच चाललाय."

"मंग त्या शेजारच्याचं कसं निसवलं?"

"ते सुधारित बियाणं. त्याला उजेड-काळोखाचं काही नाही. तुमचं हे घरचं तांबडं आहे ना?"

घरचं तांबडंच होतं. आणि खरी गोष्ट इथेच आहे. आमच्या आळीत बाई बाळंत झाली की तिला पहिल्यांदा पेज देतात ती या तांबड्या तांदळाची. जात कुठलीही असो, घर कुठलंही असो, तात्यांच्या दारात पायली घेऊन माणूस जातं आणि गंगाकाकी भरून देतात. बाकी सगळ्यांनी हे भात कधीच सोडलं. वेळ लावतं, उतारा कमी. तात्या मात्र या एका खाचरात दरवर्षी लावतात, कारण ते सगळ्यांत खोलगट, ओल कार्तिकापर्यंत टिकते. यंदा घरात होतं नव्हतं ते सगळं बियाणं तिथेच पेरलं होतं. आमच्या दमट हवेत जुनं बी ठेवून उगवत नाही. ते खाचर गेलं, तर ते भातच गेलं.

"आता अंधार मिळाला तर उशिरा का होईना निसवेल," अपेक्षा म्हणाली. "पण पूर्ण अंधार हवा. आणि लगेच."

संध्याकाळी तात्या ताईंच्या ओट्यावर येऊन बसले. पावसाबद्दल बोलले, खोपोलीच्या कंपनीबद्दल बोलले, चहा प्यायले. ज्यासाठी आले ते बोलेनात. शेवटी गंगाकाकींनीच तोंड उघडलं.

"मेघा, तो दिवा इझव गं बाय."

ताईंच्या हातातली कपबशी तशीच राहिली. "काकी, तो लावायला मला किती फिरवलंय ठाऊक हाय ना?"

"ठाऊक हाय. आमीच जागा दिली."

तात्या एवढंच म्हणाले, "नाय जमलं तर नाय. पोरींचं आदी बघ." आणि उठले. तात्यांनी भांडण केलं असतं तर बरं झालं असतं, असं ताई मला नंतर परसातल्या भिंतीवरून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून ताई धावायला लागल्या. नगरपंचायतीच्या नवीन नावाच्या वायरमनला घेऊन खांबाशी गेल्या. त्यानं खाचराच्या बाजूचे दिवे काढून टाकले. उरलेल्या दिव्यांच्या उजेडात बांधावर बसून लग्नपत्रिका वाचता येत होती. मग एका बाजूनं पत्रा बांधायचा ठरलं, तर वाऱ्यानं तो रात्रभर असा वाजला की सोसायटीतल्या काकांनी व्हिडिओ काढून पाठवला.

ताई मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या. माणूस वाईट नव्हता. चष्मा काढून हसला. "मॅडम, दिवा लागावा म्हणून लोक उपोषणाला बसलेले मी बघितलेत. विझावा म्हणून पहिल्यांदाच कुणी आलंय."

"एक-दीड महिन्याचं काम हाय साहेब."

"चालू दिवा बंद ठेवायला ठराव लागेल. सभा दिवाळीनंतर. आणि मधल्या काळात तिथं काही झालं, तर नाव तुमचं येईल."

"नाव तसंबी माझंच येतं," ताई म्हणाल्या.

बाहेर आल्यावर नवीननं डोकं खाजवलं. "ताई, चालू दिवा बंद नाय ठेवता येत. पण बंद पडलेला दिवा बंदच राहतो. नादुरुस्त म्हणून सांगतो. आपल्याकडं नादुरुस्त दिव्याला कोण इचारतंय?"

ताईंना ते पटलं नाही, पण दुसरं काही सुचलंही नाही. फक्त आळीत खोटं बोलायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. बुद्धविहारासमोरच्या पारावर बायकांना बोलावलं आणि सरळ सांगितलं, भात निसवेपर्यंत दिवा बंद राहील.

बायजाकाकू ताडकन उठल्या. "वा गं वा! तुमच्या सासऱ्याचं भात निसवायला माझ्या सुनंनं दुसरा हात मोडून घ्यायचा?"

"तसं नाय काकू..."

"तसंच हाय. तुमचं माणूस तुमाला दिसतं, दुसऱ्याचं नाय दिसत. मतं मागायला आलीस तवा सगळी आळी आपली होती."

गंगाकाकी मागं बसल्या होत्या. त्या काही गप्प बसणाऱ्या नव्हेत. "बायजे, तुझ्या सुनंच्या बाळंतपणाला पेज कंच्या तांदळाची शिजली गं? का दुकानातनं आणलीस?"

"दिलीस म्हून काय झालं? आता नातू परत देऊ का तुला?"

बायका हसल्या. बायजाकाकूंनाही हसू आलं, पण त्यांनी ते पदराआड लपवलं. "सुरभी उद्यापासनं घरी," म्हणाल्या आणि चालू लागल्या. सुरभी तिथेच उभी होती. तिचा चेहरा बघून ताई मध्ये पडल्या.

"काकू, तिला घरी बसवू नका. मी आणते तिला. रिक्षापाशी मी उभी राहीन, दारात आणून सोडीन."

"रोज?"

"रोज."

हे बोलताना त्यांनी विचार केला होता की नाही, मला ठाऊक नाही. मला वाटतं नव्हता केला.

दिवा विझला. त्या रात्री वळणावर इतका काळोख पडला की तिथे पूर्वी असाच काळोख असायचा हे खरं वाटेना. दुसऱ्या संध्याकाळपासून ताई हातात टॉर्च घेऊन रिक्षाच्या थांब्यावर उभ्या राहायला लागल्या. आधी एकट्या सुरभीसाठी. मग रिसॉर्टवर कामाला जाणाऱ्या दोघीतिघी थांबायला लागल्या, मग क्लासच्या मुली. रिक्षा वेळेवर येत नाहीत. एक येते सातला, दुसरी पावणेआठला, आणि शेवटची गिऱ्हाईक भरेपर्यंत कर्जतलाच. दोन-तीन फेऱ्या व्हायच्या. घरी आल्यावर ओट्यावर माणसं बसलेली, घरात स्वयंपाक तसाच. नवरा रात्रपाळीला असला की डबाही व्हायचा नाही. मी कधी वाटीभर आमटी भिंतीवरून द्यायचे. त्या "राहू दे" म्हणायच्या आणि वाटी घ्यायच्या.

आणि गंमत बघा. जन्मात कधी तक्रारीवर माणूस न पाठवणाऱ्या दिव्यांच्या कंत्राटदारानं आठवड्याच्या आत दोन पोरं आणि शिडीची गाडी पाठवली. सोसायटीतल्या काकांनी मोबाइलवर तक्रार टाकली होती. ताई भर उन्हात खांबाशी उभ्या राहून म्हणत होत्या, "नको रं बाबा, नका दुरुस्त करू," आणि ती पोरं एकमेकांकडे बघत होती. "मॅडम, बिघाड काय आहे ते तरी बघू द्या." नवीननं त्यांना चहाला नेलं, तेव्हा कुठे ती परत गेली. गावात मात्र बातमी फिरली, की नगरसेविका कंत्राटदाराला काम करू देत नाही. कशाला देईल, सासऱ्याच्या भाताची सोय चाललीय. जुन्या आळीतलीच माणसं हे बोलत. ज्यांच्या घरी त्याच तांदळाची पेज शिजली होती, तीही बोलत.

ताई उत्तर देत नसत. आधी देत. भांडायच्या, समजावायच्या, घरी जाऊन बसायच्या. आता नुसत्या ऐकायच्या, जसं पत्र्यावर पडणारं पाणी आपण ऐकतो. एकदा मी त्यांना म्हटलं, "राजीनामा द्या आणि झोपा." त्यांनी खरंच विचार केल्यासारखं केलं. मग म्हणाल्या, "राजीनामा द्यायला अलिबागला जावं लागंल का गं? तेवढं जायचं कोणी?"

अलिबागला मात्र एक दिवस जावंच लागलं. घरकुलांची बैठक होती. ताईंना वाटलं पाचपर्यंत सुटेल. बैठक सुरूच चारला झाली. परतीच्या एसटीत त्या पेणपाशी अडकल्या. रस्त्यावर टँकर आडवा झाला होता. सुरभीचा फोन लागेना. मला ताईंचा फोन आला, आवाज इतका बारीक की आधी ओळखलाच नाही. "कुणाला तरी पाठव गं. पोरी उभ्या असतील."

मी टॉर्च घेऊन निघाले, पण वळणापाशी पोचले तर समोरून घोळका येताना दिसला. पुढे बायजाकाकू. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात नातवाची क्रिकेटची बॅट. मागे सुरभी आणि पाच-सहा मुली, सगळ्या हसू दाबत.

"काकू, तुम्ही?"

"मंग काय करू? ती बाय रोज येती. आज आली नाय म्हंजे मेली का जित्ती, बघाया नको?" बॅटरीचा झोत माझ्या तोंडावर. "आन तू काय बघतेस? हो मागं. लायनीत चल."

ताई रात्री घरी पोचल्या तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीला डोकं टेकलं. "बरं झालं," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून बायजाकाकू एक दिवसाआड यायला लागल्या. ताईंशी बोलत मात्र नसत. दोघी थांब्यावर एकमेकींकडे पाठ करून उभ्या असायच्या, आणि रिक्षा आली की दोघी एकदमच पुढे व्हायच्या.

दिवाळी गेली आणि एका सकाळी गंगाकाकी धापा टाकत ताईंच्या दारात आल्या. भात निसवलं होतं. आम्ही बघायला गेलो. लोंब्या आखूड, कुठे होत्या, कुठे नव्हत्या. खांबाच्या अगदी जवळ तर जवळजवळ नाहीतच. पण होत्या. तात्या बांधावर उकिडवे बसून एक एक हातात घेऊन बघत होते. तोवर ओल आटायला लागली होती, म्हणून तात्यांनी आणि ताईंच्या नवऱ्यानं मोटर लावून वरच्या विहिरीचं पाणी फिरवलं. दाणा भरेपर्यंत दिवा बंदच राहिला, आणि ताई थांब्यावर उभ्याच राहिल्या. हवेत गारवा आला. टॉर्चच्या जोडीला शाल आली.

मार्गशीर्षात झोडणी झाली. गावातलं बाकी सगळं भात केव्हाच गिरणीवर पोचलं होतं. दिवा आदल्याच संध्याकाळी पुन्हा लागला होता, थांब्यावरच्या फेऱ्या संपल्या होत्या, म्हणून ताई ओट्यावरची माणसं लवकर आटपून मदतीला आल्या. तात्या पेंढी उचलून फळीवर झोडत होते, गंगाकाकी सुपानं वारं देत होत्या. उडालं तेच जास्त. पोकळ भात वाऱ्यावर बाजूला जाऊन पडायचं, त्याचा ढीग मोठा मोठा होत गेला. भरलेल्या दाण्याचा ढीग दुपारपर्यंत एका टोपलीएवढा झाला आणि तिथेच थांबला.

तात्यांनी त्यात हात घातला, दाणे चोळले, एक दाताखाली फोडला.

"बियाला झालं," म्हणाले.

"आन खायाला?" गंगाकाकींनी विचारलं.

"खायाला नाय."

आळीत दोघी सुनांचे दिवस भरत आले होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. यंदा पायली घेऊन येणाऱ्या माणसाला रिकामं परत पाठवावं लागणार होतं, आणि ते कुणामुळे, हेही आळी ठरवणारच होती. ताई म्हणाल्या, "पुढल्या वर्षी गणपती झाले की दिवा विझवायचा. मी नवीनला आत्ताच सांगून ठेवते." मग जरा थांबून म्हणाल्या, "पुढल्या वर्षी मी असेन का नसेन. निवडणूक हाय."

"नसलीस तरी सूनबाय हायेस," तात्या म्हणाले.

"म्हंजे सुटका नाय."

"नाय," तात्यांनी मान्य केलं.

ताई पेंढ्याच्या राशीला टेकून बसल्या. उन्हं अंगावर छान येत होती. गंगाकाकी त्यांना सांगत होत्या की बी मडक्यात ठेवायचं, वर राख घालायची, कडूनिंबाचा पाला घालायचा. सांगता सांगता त्यांनी वळून बघितलं, तर ताईंना झोप लागली होती. तोंड थोडं उघडं, पदरावर कोंडा, एक चप्पल पायातून निसटलेली.

तेवढ्यात सोसायटीतले काका बांधावरून आले. "मॅडम आहेत का? बागेतला झोपाळा..."

गंगाकाकींनी सूप खाली ठेवलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काका थांबले.

"काम हाय?"

"हो. अर्जंट आहे जरा."

"मंग बसा तिथं," काकींनी हलक्या आवाजात सांगितलं आणि पोकळ भाताच्या ढिगाकडे बोट दाखवलं. "उठंल तवा सांगा."

काकांनी इकडेतिकडे बघितलं. मग पँट जराशी वर ओढली आणि बसले.